सतरंजीची खालची बाजू

धूर तपासणी केंद्राचं शटर वर ढकलण्याआधी धाकटी रोज क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. ओठ हलायचे नाहीत, हातही जोडायची नाही. मनातल्या मनात एवढंच म्हणायची, की आज दिवसभरात तोंडातून एकही शब्द खोटा जाऊ देणार नाही. हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तापाने फणफणलेली असतानाही तिने तो मोडला नव्हता. तसा नेम छोटाच, पण या कामात तो पाळायचा म्हणजे सुळावरची पोळी.

कारण केंद्रात येणारा प्रत्येक माणूस काही ना काही सूट मागतच यायचा. एकाचं म्हणणं, इंजिन नीट तापू द्यायला त्याला वेळ नाही. दुसरा सांगायचा, ताई, नळी जरा अलीकडेच राहू द्या, इतकी आत खुपसली की गाडीला गुदगुल्या होतात. धाकटी हसायची आणि यंत्राची नळी गाडीच्या धुराच्या नळीत खुणेपर्यंत सारायची. गाडी जागेवर उभी, गिअर सुटा, पाय वर घेतलेला, इंजिन आपल्या चालीने हळू गुरगुरत असलेलं. अशा वेळी यंत्र तिचा श्वास ओढून घेई आणि पडद्यावर आकडे उमटत. पळताना सगळ्याच गाड्या शहाण्यासारख्या वागतात, खोड कळते ती उभं राहिल्यावर, असं धाकटी म्हणायची. माणसांचंही तसंच असतं, हे तिला अजून कळायचं होतं.

त्या सकाळी रांगेतल्या चार गाड्यांना बाजूला सारत एक पांढरी व्हॅन थेट केबिनपाशी येऊन थांबली. ती तिच्या मोठ्या दिरांची व्हॅन. शाळेची मुलं नेण्या-आणण्याचा त्यांचा धंदा होता आणि घर बरंचसं त्याच व्हॅनवर उभं होतं. घरात सगळे तिला 'म्हातारी' म्हणत. म्हातारीला पाणी पाजलं का, म्हातारी आज कुरकुरत होती, असं जेवताना चालायचं. मोठे दीर चालवायला, आणि त्यांची बायको, म्हणजे धाकटीची थोरली जाऊ, मागच्या बाकावर मुलांना सांभाळायला. रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं, भांडणाऱ्यांच्या मध्ये बसायचं, कुणाची बाटली राहिली, कुणाचा मोजा हरवला, हे सगळं तिच्याकडे.

"काय साहेब," दीर खिडकीतून मान काढून म्हणाले, "आमची म्हातारी पास की नापास?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. घरची गाडी, रांग कसली, असं कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं.

धाकटीने नळी लावली. आकडे उमटले आणि तिचा हात यंत्रावरच राहिला. म्हातारीचा विषारी वायूचा आकडा नव्या कोऱ्या गाडीला लाजवील इतका कमी होता. शेजारी प्राणवायूचा आकडा मात्र टम्म फुगलेला. धुरात बाहेरची हवा मिसळली की असं होतं. दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं, तसा धूर पातळ दिसतो. नळी तर तिने खुणेपर्यंत घातली होती. म्हणजे हवा वाटेतच, गाडीच्या पोटाखाली कुठेतरी शिरत होती. आणि जिथून हवा आत शिरते, तिथूनच धूर बाहेर येतो.

हे पारखायची एक साधी रीत आहे. ओलं फडकं घडी करून धुराच्या नळीच्या तोंडावर दाबून धरायचं. नळी धड असेल तर इंजिन गुदमरतं, आचके देतं, बंद पडायला बघतं. भोक असेल तर ते आरामात चालू राहतं, कारण त्याला दुसरीकडून वाट मिळालेली असते. धाकटीने बादलीत बुडवून फडकं पिळलं, घडीही घातली.

"हे काय, आता म्हातारीचं नाक पुसणार का?" दीर म्हणाले, आणि रांग पुन्हा हसली.

धाकटीने फडकं बादलीच्या काठावर ठेवून दिलं.

भित्री होती म्हणून नव्हे. परक्या माणसाची असती तर तिने ट्रकसुद्धा अडवला असता, अडवलाही होता. पण त्या घरात धाकट्या सुनेने मोठ्या दिराला 'नाही' म्हणायचं नाही, अशी चाल होती. ती कुणी शिकवलेली नव्हती, तशी भिंतीला ओल तरी कुठे कुणी शिकवतं. दिवाणखान्यातला दिवा बंद पडला तरी ती सासूबाईंना सांगे, सासूबाई मोठ्या मुलाला सांगत, आणि मग ते त्यांना आपणहून सुचल्यासारखं दुरुस्त करत. एकदा लग्नानंतर नवीन असताना तिने जेवताना सहज म्हटलं होतं, की भावजी, तुमचा हिशेब जरा चुकतोय. ताटावरचे हात थांबले होते. त्या शांततेची चव तिला अजून आठवत होती.

"यंत्र पास दाखवतंय, भावजी," ती म्हणाली.

एकूण एक शब्द खरा होता. दाखला छापून निघाला, दिरांनी तो काचेला चिकटवला आणि म्हातारी गुरगुरत निघून गेली.

थोरलीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेल्यावर, सगळ्यांनी विचारायचंही सोडून दिल्यावर. सासूबाई देवापुढे बसून रडल्या, दीर उगाचच दोनदा व्हॅन धुऊन आले. थोरली मात्र कुणाला कळू न देता हसायची. पाठमोरी उभी राहून भांडी घासताना तिच्या खांद्यांवरून कळायचं, की ही आत हसतेय.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळची फेरी करून आली की कपाळ दाबत भिंतीला टेकायची, दुपारच्या फेरीनंतर तर बोलायचीही नाही. असं होतंच या दिवसांत, सगळे म्हणाले. पण सासूबाईंची नजर बारीक. त्यांनी एका रविवारी ताट वाढता वाढता म्हटलं, "हिचं दुखणं मोठं शिस्तीचं बाई. शाळेबरोबर सुट्टी घेतं."

दीर मोठ्याने हसले. धाकटीचा नवराही हसला. थोरली स्वतः हसली आणि म्हणाली, "अहो खरंच, मलाही नवल वाटतं."

शाळेबरोबर सुट्टी घेणारं दुखणं घरात कुणालाच ओळखू येत नव्हतं आणि धाकटीला त्याचं नावगाव ठाऊक होतं.

दुपारी थोरली नळाखाली सतरंजी घेऊन बसली होती. मुलांच्या पायांना गार लागू नये म्हणून तिने घरातल्या जुन्या सतरंजीचा तुकडा मागच्या बाकापुढे अंथरला होता. "गंमत बघ गं," ती म्हणाली, "पोरं चिखल आणतात, तेव्हा वरून मळली तर समजतं. ही खालून काळी होते. काजळ धरावं तशी. म्हातारीच्या पोटात काय चूल पेटलीय का?"

धाकटीने पाहिलं. सतरंजीच्या उलट्या बाजूला मधोमध एक काळं वर्तुळ उठलं होतं. बोट लावलं तर बोट काळं झालं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. अंगणात दोघीच होत्या, नळाचं पाणी वाहत होतं. पण बोललं की थोरली नवऱ्याला सांगणार, तो विचारणार हे कुणाच्या डोक्यातलं, आणि मग दाखला दिलास तेव्हा तुझे डोळे कुठे गेले होते, हा प्रश्न येणार. धाकटीच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"द्या इकडे, ताई. तुम्ही वाकू नका. मी धुते."

आणि तिने ती धुतली. साबण लावून, ब्रशने घासून, काळं पाणी गटारात जाईपर्यंत. पुढच्या रविवारी न सांगता तीच व्हॅनमधून सतरंजी काढून आणू लागली. थोरली सगळ्यांना कौतुकाने सांगायची, की माझी धाकटी पाठच्या बहिणीसारखी जपते मला. धाकटीला वाटायचं, आपण निदान एवढं तरी करतोय. पुरावा आपल्याच हाताने पुसतोय, असं तिला त्या वेळी वाटलं नाही, की वाटू दिलं नाही, हे देवच जाणे.

तिने आडवळणाने प्रयत्न केले. थोरलीला म्हणाली, तुम्ही पुढे बसत जा ना. पुढची जागा त्यांच्या डब्याची आणि जाकिटाची, माझा नंबर त्यानंतर, असं म्हणून थोरलीने ते हसण्यावारी नेलं. काचा उघड्या ठेवा म्हटलं तर पोरांना सर्दी होते. रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला तिने एकदा खरं ते सांगितलं. तो छापखान्यात काम करायचा, स्वभावाने मऊ. तो पायमोजे काढू लागला. म्हणाला, दादाला असं तोंडावर सांगायचं म्हणजे कठीणच, तू बोलू नकोस, मी वेळ बघून काढतो विषय. वेळ कधी आली नाही. अशा घरांमध्ये ती येत नसते.

थंडी वाढली. एके दुपारी शाळेत कसलासा कार्यक्रम लांबला आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर ताटकळत राहिली. दोन अगदी लहान मुलं आधीच सुटली होती, त्यांना घेऊन थोरली मागच्या बाकावर बसली. दिरांनी मायेनेच इंजिन चालू ठेवलं, आत गरम हवा सोडली, काचा घट्ट लावून घेतल्या आणि ते स्वतः बाकीच्या चालकांबरोबर टपरीवर चहाला गेले. म्हातारी जागेवर गुरगुरत राहिली.

परत आले तेव्हा एका मुलाने ओकारी केली होती, दुसरं पेंगुळलं होतं आणि थोरली काचेला डोकं टेकून बसली होती. हाक मारली तर ओ देईना. मुलं बाहेरच्या हवेवर लगेच टवटवीत झाली. त्यांच्या आयांना वाटलं, गाडी लागली असेल. थोरलीला दवाखान्यात नेलं. ती संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली. पोटातलं बाळ मात्र दुसऱ्या दिवशी गेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या. व्हरांड्यात येऊन त्यांनी विचारलं, यांना बंद जागेत धूर लागला होता का, शेगडी वगैरे. सासूबाई म्हणाल्या, धूर कसला, आमच्याकडे कुणी विडीसुद्धा ओढत नाही. गाडीत होत्या ना त्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडी नीट आहे?

तेव्हा मोठ्या दिरांनी धाकटीकडे बोट दाखवलं. डोळे रडून सुजलेले, तरी आवाजात अभिमान होता. "गाडीचा प्रश्नच नाही, डॉक्टर. घरचंच माणूस तपासायला आहे. दाखला आहे आमच्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या हातात चहाचा थर्मास होता. तिने मान हलवली नाही, होकार दिला नाही, नकार दिला नाही. फक्त खाली बघितलं. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी हाक मारली आणि डॉक्टरीणबाई वळून गेल्या.

धाकटीच्या तोंडून त्याही दिवशी एक शब्द खोटा गेला नाही.

दुसऱ्या सकाळी शटरसमोर तिने डोळे मिटले आणि नेमाचे शब्द मनात उमटेनात. ज्या देवाला आपण रोज खरेपणाचा नैवेद्य दाखवतो, त्याने ताटावरचं झाकण उचलून पाहिलंय, असं तिला वाटलं. तिने शटर तसंच वर ढकललं.

घरी थोरली भिंतीकडे तोंड करून निजून असायची. सासूबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तिचे पाय चेपले, तिच्यासाठी पथ्याचं रांधलं. पण दुःखाला कुणीतरी धनी लागतो, आणि घरात सगळ्यात सोपा धनी म्हणजे सून. इतक्या वर्षांनी देवाने ओंजळीत घातलं ते हिला धरता आलं नाही, असं त्या शेजारणीला हळू आवाजात सांगत, आणि हळू आवाज भिंतींना जास्त ऐकू जातो. मग डोकेदुखीची गोष्ट निघाली. आधीपासूनच कुरकुर होती, मनातून हिला हे नकोच होतं की काय. मग निघालं, की मोठ्याचं वय काही गेलेलं नाही. शेवटी ठरलं, की थोरलीला काही दिवस तिच्या भावाकडे पाठवावं. किती दिवस, ते कुणी बोललं नाही. तिची सगळी लुगडी-पातळं बांधली गेली, त्यावरून जे कळायचं ते कळलं.

थोरलीने वाद घातला नाही. बांधाबांध करताना धाकटीला एवढंच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार गं. एवढे सगळे म्हणतात तर."

धाकटीने पातळाची घडी घालून गाठोड्यात ठेवली.

निघायचा दिवस आला. म्हातारीच्या दाखल्याची मुदतही संपत आली होती, म्हणून दिरांनी ठरवलं, की जाताना केंद्रावर थांबून तेवढं उरकून घ्यावं. एका वाटेत दोन कामं. सासूबाई पोचवायला बरोबर निघाल्या. म्हातारी रांग ओलांडून केबिनपाशी आली, आणि नळी हातात घेऊन मागे गेलेल्या धाकटीला मागच्या काचेतून थोरलीचं डोकं दिसलं. त्याच बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. काच लावलेली. थोरली आपली कपाळ दाबत होती.

धाकटीने नळी खाली ठेवली आणि दार उघडलं.

"ताई, तुम्ही आधी खाली उतरा."

"अगं, पाच मिनिटांचं तर काम," सासूबाई पुढच्या जागेवरून म्हणाल्या. "तिला कशाला उतरवतेस, दमलेली आहे ती."

"तुम्हीही उतरा, आई."

तिने त्यांना आजवर कधी असं सांगितलं नव्हतं. त्या उतरल्या, कदाचित नवलानेच. थोरली पिशवी छातीशी धरून शेजारच्या पेट्रोल पंपाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. दीर चाकामागेच होते, पाय वर घेतलेला, इंजिन चालू.

धाकटीने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, घडी घातली. ती गुडघ्यांवर बसली आणि फडकं म्हातारीच्या धुराच्या नळीवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं.

धड गाडी अशा वेळी आचके देते. म्हातारीने एकही दिला नाही. ती आपली आरामात गुरगुरत राहिली, आणि तिच्या पोटाखालून, बरोबर मागच्या बाकाखालून, साप फुत्कारावा तसा आवाज येऊ लागला. रांगेतल्या एका टॅक्सीवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ओ, ही तर मधूनच श्वास घेतेय."

"इंजिन बंद करा, भावजी," धाकटी म्हणाली.

त्यांनी बंद केलं. ती उठली, मागच्या दारातून आत गेली आणि सतरंजी उचलून बाहेर आणली. या खेपेला तिने ती धुतलेली नव्हती. दवाखान्याच्या दिवसापासून तिला हातच लावला नव्हता. तिने ती उलटी करून कठड्यावर टाकली. काळं वर्तुळ आता परातीएवढं झालं होतं. गाडीत सतरंजीखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता आणि त्या भोकांतून खालच्या नळीवर गुंडाळलेली, जळून सैल झालेली पत्र्याची पट्टी दिसत होती. ती पट्टी कुणी गुंडाळली होती, हे दिरांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"नापास," धाकटी म्हणाली. "ही गाडी इथून हलणार नाही."

दीर खाली उतरले. सतरंजीकडे, पत्र्याकडे, मग बायकोकडे त्यांनी पाहिलं. माणसाला समजायला लागतं तेव्हा आधी राग येतो. "मागच्या वेळी पास होती," ते म्हणाले. "तूच दिलास दाखला."

"मागच्या वेळीही हेच होतं."

"तुला दिसलं होतं?"

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला होता. एवढ्या चारचौघांत घराची अब्रू, असं त्या पुटपुटल्या, पण कुणाला उद्देशून ते त्यांनाही कळलं नसावं. धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी. ती काही दुभंगली नाही. उत्तर द्यावंच लागलं.

"दिसलं होतं. फडकं हातात घेतलं होतं, तुम्ही हसलात म्हणून ठेवून दिलं. ताईंची डोकेदुखी कशाची, तेही मला कळलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही कळत होतं. मी बोलले नाही."

मोठे दीर बादलीच्या शेजारी, ओल्या जमिनीवरच मटकन खाली बसले. त्यांनी डोकं हातात धरलं. पट्टी मीच बांधली होती, चालतंय म्हणून, असं ते कुणालाही न सांगता सांगत होते.

थोरली मात्र जवळ आली. तिने सतरंजीवर बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं. धाकटी वाट पाहत होती, की आता ही थोबाडीत मारेल. मारावं, असंच तिला वाटत होतं. त्याने थोडं तरी हलकं झालं असतं.

"म्हणजे माझं डोकं खरंच दुखत होतं," थोरली म्हणाली.

"हो, ताई."

"सोंग नव्हतं."

"नव्हतं."

थोरलीने मान हलवली, एखादं जुनं कोडं सुटावं तशी. मग ती सासूबाईंकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चला आई, घरी जाऊ. मी भावाकडे जात नाही." पिशवी घेऊन ती चालूही लागली. धाकटीने धावत जाऊन पिशवी धरायला हात पुढे केला. थोरलीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "ही मी नेते," ती म्हणाली, "तू तुझं काम कर." सासूबाई तिच्या मागून चालू लागल्या. त्या घरातली सून सासूच्या पुढे चालतेय, हे त्या रस्त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

संध्याकाळी शटर ओढल्यावर धाकटी घरी गेली नाही. म्हातारीतून रोज ज्यांची मुलं जात होती, त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. ओकारी झालेल्या त्या मुलाच्या आईला तर आधी. धंदा बसेल, घर बसेल, नवरा काय म्हणेल, सगळं तिच्या डोक्यात होतं. पण म्हातारीचं पोट बदलेपर्यंत आणि त्यानंतरही, त्या आयांना माहीत असायलाच हवं होतं की त्यांची लेकरं काय हुंगत होती आणि कुणाच्या गप्प बसण्याने. ती शाळेच्या रस्त्यापर्यंत गेली आणि तिथे गोंधळून उभी राहिली. एकाही मुलाचं घर तिला ठाऊक नव्हतं.

"मला वाटलंच, तू इथे अडकशील."

थोरली शाल गुंडाळून मागे उभी होती. चेहरा अजून पांढराफटक. "घरं तुला कुठली माहीत," ती म्हणाली. "पोरं दारातून उचलून आणायचे ती मी."

"ताई, तुम्ही कशाला…"

"माफ केलं असं समजू नकोस," थोरली म्हणाली. "ते मला जमेल की नाही, माहीत नाही. तू माझी सतरंजी धुवायचीस ना, ते आठवलं की मला तुझ्याकडे बघवत नाही. पण ती पोरं माझी आहेत. चल."

दोघी चालल्या, हातभर अंतर ठेवून. पहिलं घर गल्लीच्या टोकाला, हिरव्या दाराचं. थोरलीने दाराकडे बोट दाखवलं आणि ती एक पाऊल मागे राहिली. धाकटीने क्षणभर डोळे मिटले. जुना नेम पुन्हा म्हणायचा तिला धीर झाला नाही. तो मोडलेला नव्हता, पण अपुरा होता. तिने मनात दुसराच धरला आणि कडी वाजवली.

दार उघडलं. कणकेचे हात तसेच वर धरून एक बाई उभी होती आणि तिच्या कमरेआडून तेच लहान मूल डोकावत होतं. थोरलीला बघून ते हसलं.

"काय हो, काही काम होतं?" बाईने विचारलं.

"तुम्ही मला कधी विचारलं नाहीत," धाकटी म्हणाली, "तरी सांगायला आलेय."